जमीन सुरात लावताना

तिला सगळे खणखणताई म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण एकदा चिकटलं ते चिकटलंच. किराणावाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला त्याच नावाने हाक मारत आणि तीही मागे वळून 'ओ' देई. तिची आई तेवढी चिडायची. "एवढी शिकलीसवरलेली मुलगी, आणि नाव काय तर खणखणताई! रस्त्यावर भांडी विकल्यासारखं."

काम तसंच होतं. हरवलेली धातूची वस्तू शोधून द्यायची. आधी ती टेलिफोनच्या कचेरीत होती. जमिनीखालून गेलेल्या तारा कुठून कुठे जातात ते यंत्राने पाहून खडूने रस्त्यावर खुणा करायचं तिचं काम. पुढे तारा गेल्या, कचेरीही गेली. बाकीचे लोक निरोपसमारंभात रडले. हिने मात्र साहेबांना विचारलं, "कोपऱ्यात पडलेलं ते धातू शोधायचं यंत्र मी घेऊन जाऊ?" साहेब म्हणाले, "भंगारात जाणारच आहे, न्या." तिने घरी आणलं, मामाकडून दुरुस्त करून घेतलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या आजोबांची दातांची कवळी बागेतून शोधून दिली. कवळीला तारेचे आकडे होते म्हणून सापडली. ती कुत्र्याने पुरली होती. आजोबांनी ती धुऊन तिथल्या तिथे तोंडात बसवली आणि म्हणाले, "आता नीट आभार मानता येतील." तिथून जी सुरुवात झाली ती झालीच.

मग किल्ल्या आल्या, गवतात पडलेल्या अंगठ्या आल्या, मातीखाली गडप झालेली पाण्याच्या व्हॉल्व्हची झाकणं आली. दोन भावांच्या जमिनीच्या हद्दीचा लोखंडी खुंटा आला. तो सापडल्यावर दोघे भाऊ बरीच वर्षं बंद पडलेलं बोलणं पुन्हा सुरू करून लगेच नव्या मुद्द्यावर भांडायला लागले. खणखणताईला या कामात असं काही सुख होतं की ते तिला शब्दांत सांगता येत नसे. माणूस येतो तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालेलं असतं. जाताना तोच माणूस उगाचच मोठ्याने बोलत असतो. बस, एवढ्यासाठीच.

आईला मात्र यात नुसते धोके दिसत. जमिनीत काय काय असतं! साप असतात, विंचू असतात, विजेच्या तारा असतात, आणि कुठल्यातरी जुन्या लढाईतला न फुटलेला गोळा असला म्हणजे? "तुझं यंत्र टुंग म्हणेल आणि तू खुरपं घेऊन खणायला बसशील. तू तशीच आहेस. लहानपणी प्लगमध्ये बोट घातलं होतंस."

"आई, तेव्हा मी दीड वर्षाची होते."

"स्वभाव कुठे बदलतो?"

आयांचं असं असतं. मूल तिशी ओलांडून पुढे गेलं तरी आईच्या डोळ्यांपुढे ते प्लगकडेच रांगत असतं. यावर उपाय नाही आणि असू नये असंही वाटतं.

त्यातच ती खिळ्याची गोष्ट घडली. पाडलेल्या एका घराच्या ढिगाऱ्यात कुणाचीतरी पेटीची किल्ली शोधताना खणखणताईचा पाय गंजलेल्या खिळ्यावर पडला. खिळा बुटाच्या तळातून आरपार आत. पायाला नुसतं टोचलं, इंजेक्शन झालं, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कामावर. आई मात्र आठवडाभर झोपली नाही. रात्री उठून मुलीच्या पायाला हात लावून बघायची, तापला आहे की काय. मग एक दिवस तिने ते बूट उचलले आणि म्हणाली, "तळाला भोक आहे. मोच्याकडून शिवून आणते."

"अगं मी नेईन."

"राहू दे. तुला वेळ कुठे असतो?"

बूट शिवून आले. छान पॉलिशही करून आले. पायात घातले तेव्हा जरा कडक वाटले. "नवा तळ आहे, कडक असणारच," आई म्हणाली आणि घाईघाईने स्वयंपाकघरात निघून गेली.

आणि त्याच सुमाराला यंत्र बिघडलं.

यंत्राचा बिघाड समजण्याआधी त्याची एक खोड समजायला हवी. लांब दांडी, वरच्या टोकाला डबी, खालच्या टोकाला ताटलीएवढं चक्र. चक्राखाली धातू आला की यंत्र वाजतं. पण जमीनही काही अगदी निर्दोष नसते. मातीत लोखंडाचा अंश असतो, कुठे कमी, कुठे जास्त. यंत्राला तोही ऐकू येतो. म्हणून नव्या जागी गेलं की आधी तिथल्या जमिनीची ओळख करून द्यावी लागते. जिथे खाली काही नाही अशी मोकळी जागा बघायची, चक्र जमिनीजवळ न्यायचं, गुडघ्यापर्यंत वर उचलायचं, पुन्हा खाली, पुन्हा वर. असं करत डबीवरचं बटण फिरवायचं. आधी यंत्र खाली जाताना कण्हतं, वर येताना कण्हतं. मग हळूहळू तो आवाज सपाट होत जातो आणि एका क्षणी यंत्र गप्प बसतं. म्हणजे त्याला कळलं, ही नुसती माती आहे, हिच्याकडे लक्ष द्यायचं नाही. खणखणताई याला 'जमीन लावणं' म्हणायची. वाद्य लावतात ना सुरात, तसं. जमीन लागली की मग खालून येणारा प्रत्येक आवाज खरा.

आणि आता नेमकी जमीनच लागेना. वरखाली करून हात भरून आले तरी यंत्र गप्प म्हणून बसेना. कसंबसं बसलं तर दोन पावलं चालेपर्यंत पुन्हा कुरकुर सुरू. प्रत्येक पावलाला कुरकुर. जणू दमलेलं पोर बाजारात मागे मागे ओढत न्यावं तसं.

तिने सगळं करून पाहिलं. सेल बदलले. चक्राचं झाकण काढून आत अडकलेली वाळू झटकली. दांडीवरची वायर सैल पडली होती ती घट्ट गुंडाळली, कारण वायर हलली तरी यंत्र बोंबलतं. विजेच्या खांबांपासून लांब गेली. फोन बंद करून पिशवीत टाकला. यंत्राची संवेदनशीलता कमी केली, आणखी कमी केली, इतकी कमी केली की एकदा समोर ठेवलेली हातोडीही यंत्राला ऐकू येईना. हातातलं घड्याळ, पट्ट्याचं बक्कल, केसांतल्या पिना असलं काही तर ती कामाला जाताना कधीच घालत नसे. बूटसुद्धा तिने दुकानातच यंत्र फिरवून, वाजत नाहीत याची खात्री करून विकत घेतलेले होते.

शेवटी मामाकडे गेली. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आता रेडिओ कोणी आणत नसे, पण मामा रोज दुकान उघडून बसायचा. बाहेर चपला काढून आत यायचं, असा त्याचा दंडक होता, कारण धूळ त्याला सहन होत नसे. त्याने यंत्र उघडलं, भिंगातून बघितलं, टेबलावर एक नाणं ठेवून वर चक्र फिरवलं. टुंग. नाणं काढलं. शांत.

"भाचीबाई, यंत्र ठणठणीत आहे."

"अरे मामा, बाहेर गेलं की रडतं."

"मग बाहेरच्या जमिनीत दोष असेल."

"सगळ्याच जमिनींत?"

मामाने भिंग डोळ्यावरून काढलं. "असं बघ. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं. तुला म्हणत नाही. भाची आहेस."

म्हणजे म्हणालाच की.

घरी येऊन तिने मागच्या अंगणात पुन्हा लावून पाहिलं. पायात स्लिपर होत्या. जमीन अशी लागली की काय सांगावं! यंत्र मुनीसारखं गप्प. दुसऱ्या दिवशी बूट चढवून कामावर गेली तर तेच रडगाणं. एका बाईची नाकातली चमकी सापडली नाही. एका गवंड्याची आवडती थापी सापडली नाही. ती तर चांगली वीतभर होती. लोक तोंडावर काही बोलत नव्हते, पण किराणावाला मागून कुणालातरी म्हणालाच, "खणखणताईचं यंत्र म्हातारं झालं वाटतं." तिला वाईट वाटलं ते यंत्राबद्दल. भंगारातून वाचवून आणलं होतं बिचाऱ्याला.

अशात एका सकाळी दारात एक माणूस उभा राहिला. गावभर ज्याच्या खुर्चीत बसून लोक केस कापून घेत तो न्हावी. एका हाताला त्याची मुलगी, पहिलीतली असावी, केस अगदी बारीक कापलेले, डोळे टपोरे. मुलगी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"ताई, हिचं ऐकायचं यंत्र हरवलं," तो म्हणाला. "कानामागे, डोक्यावर बसतं ते. गोल, एवढंसं, बिस्किटापेक्षा लहान. आत लोहचुंबक असतं, त्याने ऑपरेशन करून कातडीखाली बसवलेल्या भागाला चिकटून राहतं. काल शाळेच्या मैदानावर पळताना कुठेतरी पडलं."

"कुठे पडलं ते आठवतं का गं तुला?" खणखणताईने वाकून, सावकाश विचारलं.

मुलगी तिच्या ओठांकडे बघत राहिली आणि मग गरजेपेक्षा जरा मोठ्याने म्हणाली, "मी पळत होते. मग सगळे गप्प झाले. मला वाटलं, बाई वर्गावर आल्या."

"तशीच पळत राहिली पूर्ण फेरी," बाप म्हणाला. "पहिली आली. टाळ्या वाजल्या त्या हिला दिसल्या नुसत्या. नवीन मिळायला फार दिवस लागतील म्हणतात. तोवर ही अशी... आणि ताई, आज दुपारी मैदानावर रोलर फिरणार आहे. धावपट्टीवर नवी खडी टाकून दाबायची आहे."

 नाही म्हणावं तर ती टपोरी नजर. हो म्हणावं तर हातात रडकं यंत्र.

"चला," ती म्हणाली.

मागून आईचा आवाज आला. "टोपी घेतलीस का? पाणी? शाळेच्या मैदानावर काचा असतात!"

धावपट्टी बघून तिने कपाळाला हात लावला. काळीभोर. कारखान्याच्या भट्टीतली राख आणि खंगर, म्हणजे जळून उरलेले खडे, पसरून केलेली. लोखंडाचा अंश म्हणाल तर अशा जमिनीत पोत्याने. चांगल्या यंत्रालाही जिथे घाम फुटावा अशी जागा, आणि आपलं तर आधीच आजारी.

रोलर पट्टीच्या टोकाला येऊन उभा होताच. त्याचा चालक सावलीला बसून चहा पीत होता. मिशी झुपकेदार, आवाज त्याहून.

"बाई, किती वेळ?"

"सापडेपर्यंत."

"हे बघा, माझा रोलर गोगलगाय आहे, पण मालक घोडा आहे. चहा संपेपर्यंत थांबतो. फार तर दुसरा घेईन."

न्हाव्याने खिशातून एक जादा लोहचुंबक काढलं, तसंच जसं हरवलेल्या यंत्रात होतं. ते खणखणताईने मागूनच घेतलं होतं. हरवलेल्या वस्तूचा जुळा भाऊ असेल तर आधी त्याचा आवाज ऐकून ठेवायचा, मग शोधायचं, ही तिची पद्धत. चुंबक पट्टीवर ठेवलं आणि जमीन लावायला सुरुवात केली. वर, खाली. वर, खाली. यंत्र कण्हत राहिलं. बटण फिरवलं. कण्हणं वाढलं. उलटं फिरवलं. आता भुंकल्यासारखा आवाज. चुंबकावरून चक्र नेलं तर त्या गोंगाटात चुंबकाचा आवाज कुठला आणि राखेचा कुठला, काही कळेना. लग्नाच्या मांडवात एकमेकांना हाका मारणाऱ्यांसारखी गत.

रोलरवाला लांबूनच ओरडला, "बाई, यंत्र आजारी आहे का?"

"जमीन खराब आहे," ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला मामाचा चेहरा आठवला.

चहा संपला. दुसरा आला. पट्टीचा एक कोपरासुद्धा झाला नव्हता. मुलगी बापाचं बोट धरून उभी होती आणि खणखणताईच्या चेहऱ्याकडे बघत होती. ऐकू येत नसलं की माणसं चेहरे फार चांगले वाचतात. ताईला उगाचच हसून दाखवावं लागलं. पोरीला ते खोटं हसू कळलं असणार, कारण तिने मान खाली घातली.

मग ती बापाचं बोट सोडून पुढे आली, खणखणताईच्या बाहीला धरून ओढलं आणि पट्टीच्या शेवटच्या वाळूच्या हौदाकडे बोट दाखवलं. "तिथे मी उडी मारली. लांब उडी."

"हे काल नाही सांगितलंस!" बाप म्हणाला. पण तिने ते पाहिलं नाही, ती निघालीसुद्धा होती.

खणखणताई हौदात पाय टाकणार, तेवढ्यात मुलीने दोन्ही हात पसरून तिला अडवलं. "बूट काढायचे! वाळूत बूट चालत नाहीत. बाई ओरडतात."

नियम म्हणजे नियम. खणखणताईने बूट काढून हौदाच्या कडेला नीट जोडून ठेवले, मोजे आत कोंबले आणि वाळूत उतरली. गार, मऊ वाळू. चक्र खाली नेलं, वर उचललं, बटण जरासं फिरवलं. दुसऱ्याच खेपेला यंत्र गप्प झालं. पुढे चालली, गप्प. सगळा हौद फिरून झाला. एक बाटलीचं बूच तेवढं टुंगलं. बाकी शांत.

वाळू स्वच्छ असते, तिने मनाशी म्हटलं. वाळूत कुणालाही जमतं. वस्तू इथे नाही म्हणजे पुन्हा त्या राखेतच जायचं. ती हौदातून बाहेर आली आणि बुटांकडे जाता जाता, सवयीने, चक्र राखेवरून फिरवत राहिली. यंत्राने एकदाच कुरकुर केली. साहजिक होतं, वाळूवर लावलेलं यंत्र राखेवर आणलं होतं. तिने विचार न करता तिथेच अनवाणी उभं राहून चक्र दोनचारदा वरखाली केलं, बटण फिरवलं.

शांत.

ती थबकली. यंत्र बंद पडलं की काय? डबीकडे पाहिलं, दिवा जळत होता. तिने न्हाव्याला हाक मारली, "ते चुंबक टाका माझ्यापुढे!" चुंबक राखेत पडलं. चक्र त्यावरून गेलं आणि अगदी स्वच्छ, छोटा, घंटीसारखा आवाज आला. परत फिरवलं, परत तोच. बाजूला नेलं, शांत. तीच काळी राख, तेच यंत्र, तीच बाई. बदललं होतं काय?

तिने हळूच चक्र आपल्या बुटांकडे नेलं.

यंत्र असं किंचाळलं की रोलरवाल्याच्या कपातला चहा हिंदकळला.

खणखणताई खाली बसली. बुटात हात घातला, आतला कापडी तळ उचकटला. खाली, पायाच्या आकाराचा, सुबक कापलेला, चारी बाजूंनी बारीक टाके घालून बसवलेला पोलादी पत्रा. दुसऱ्या बुटातही तसाच. इतके दिवस ती जमीन लावत होती ती या पत्र्यांच्या शेजारी चक्र वरखाली करून. यंत्र बिचारं पायाचं लोखंड हीच जमीन समजत होतं, आणि पाऊल पुढे पडलं की गोंधळून रडत होतं. मामाच्या दुकानात चपला बाहेर. घरच्या अंगणात स्लिपर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो याहून वेगळा काय असणार?

ती अशी हातात बूट घेऊन बसलेली असतानाच मैदानाच्या फाटकातून एक छत्री आत आली. छत्रीखाली आई. खांद्याला ती प्रसिद्ध पिशवी, जिच्यात टाचणीपासून टॉर्चपर्यंत काहीही मिळे.

"अगं बाई! अनवाणी? काचा असतात म्हणून सांगितलं होतं ना!"

खणखणताईने बूट उचलला आणि पत्रा दाखवला.

आईने छत्री मिटली. पुन्हा उघडली. मग म्हणाली, "मोच्याने सांगितलं, कितीही मोठा खिळा असू दे, आत जायचा नाही."

"आई, मी काय शोधते?"

"धातू."

"आणि तू माझ्या पायाला काय बांधलंस?"

आईला आधी समजलं, मग तिचा चेहरा पडला. "अगं... म्हणजे हे सगळे दिवस... ती चमकी... थापी..."

"थापीसुद्धा, आई. वीतभर थापी!"

"मला काय माहीत, तुझं यंत्र इतकं लहान मनाचं आहे ते?"

रोलरवाला इतका वेळ सगळं ऐकत होता. तो गडगडाटी हसला. "म्हणजे अंगण सरळच होतं की बाई!" त्यावर न्हावी हसला, खणखणताईचं रागावणं अर्ध्यातच फसलं आणि तीही हसायला लागली. मुलीला विनोद ऐकू आला नव्हता, पण सगळी तोंडं उघडलेली बघून तीही खिदळली. आई तेवढी हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"रडायला काय झालं आता?"

"तू अनवाणी चालणार ना या सगळ्या पट्टीवर?"

"चालावंच लागेल."

आईने डोळे पुसले, छत्री बंद करून काठीसारखी हातात धरली. "मग मी पुढे चालते. काच दिसली की सांगते. तू माझ्या मागून ये. आणि मी आधीच सांगते, माझ्या चपला रबराच्या आहेत. हातात काही नाही, केसांत काही नाही. चष्मा प्लास्टिकचा. पिशवी पाठीवर टाकते. छत्री मात्र..." तिने छत्रीकडे पाहिलं आणि ती गुपचूप न्हाव्याकडे दिली.

अशी वरात निघाली. पुढे आई, कमरेत वाकून, जमिनीला नाक लावल्यासारखी. तिच्यामागे चार हात अंतर ठेवून खणखणताई, अनवाणी, चक्र डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. कडेने मुलगी आणि तिचा बाप. रोलरवाल्याने तिसरा चहा मागवला तो स्वतःसाठी नव्हता. तो कप त्याने आईकडे धाडला.

यंत्र आता काय सुरेख बोलत होतं! राख गप्प. मध्येच खिळा, तर तसा आवाज. चॉकलेटचा कागद, तसा. पेनाचं टोपण, तसं. खणखणताईचे पाय राखेने काळे झाले होते, टाचांना खडे टोचत होते आणि तिला इतकं हलकं वाटत होतं की कुणी पाहत नसतं तर तिने एक गिरकी घेतली असती. ऐकू येत होतं तिला. पुन्हा सगळं ऐकू येत होतं.

"थांब, काच." आईने तुकडा उचलून पिशवीत टाकला.

"पुढे हो."

"थांब, खडा आहे, टोकदार."

"आई, खड्यांचं जाऊ दे. खड्यांचीच पट्टी आहे ही."

वळणापाशी आल्यावर आई एकदम दोन्ही हात पसरून उभी राहिली. "पाऊल टाकू नकोस! सुरवंट आहे. केसाळ. चावला तर आठवडाभर खाज."

"बाजूने जाते."

"काळा आहे. असे फार वाईट."

खणखणताईने बाजूने जाण्यासाठी चक्र वळवलं, आणि ते सुरवंटावरून गेलं.

स्वच्छ, छोटा, घंटीसारखा आवाज.

तिने परत फिरवलं. परत तोच. ती गुडघ्यांवर बसली, वाकून पाहिलं. गोल होता सुरवंट. त्याच्या अंगावर ताठ उभे राहिलेले काळे केस म्हणजे राखेतल्या लोखंडाचे कण होते, चुंबकाने ओढून घेतलेले. तिने तो दोन बोटांत उचलला.

"अगं, हात लावू नकोस!" आई किंचाळली आणि मग तिच्याही लक्षात आलं.

न्हावी धावत आला. मुलगी त्याच्याही आधी. पण त्या केसाळ गोळ्याकडे बघून ती दोन पावलं मागे सरकली. हे डोक्याला कसं लावायचं? कण झटकून निघेनात, फुंकर मारून निघेनात. बोटाने ओढले तर दुसऱ्या बाजूला जाऊन बसत.

"सरका," आई म्हणाली. पिशवीत हात गेला, जखमेवर लावायची चिकटपट्टी बाहेर आली. तिने एक तुकडा कापला, कणांवर दाबला, उचलला. पट्टीवर काळी मिशीच उगवली. दुसरा तुकडा. तिसरा. फटींसाठी कोपरा दुमडून. इतकी वर्षं त्या पिशवीची चेष्टा करणाऱ्या आपल्या मुलीकडे तिने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. पण चेहऱ्यावर जे होतं ते सगळ्यांना दिसत होतं.

हळूहळू खालून पांढरं, गुळगुळीत यंत्र निघालं. एका कडेला ओरखडा होता. न्हाव्याने खिशातून नवा सेल काढून घातला.  वस्तरा धरणारे हात, बेताने चालणारे. त्याने मुलीच्या डोक्यावर, बारीक केसांत, ते अलगद टेकवलं. टक् करून बसलं.

कुणी काही बोललं नाही. 

मुलगी डोळे मोठे करून उभी राहिली. मग म्हणाली, या वेळी अगदी हळू आवाजात, "सगळे गप्प का आहात?"

त्यावर रोलरवाल्याने आपल्या त्या आवाजात जी आरोळी ठोकली, ती शाळेच्या मागच्या भिंतीवर आपटून परत आली. मुलीने कानावर हात ठेवला आणि खदाखदा हसली. मग तिला ताईचं शोधायचं यंत्र ऐकायचं होतं. खणखणताईने चक्र जमिनीवर धरलं.

"जमीन काय म्हणते?" मुलीने विचारलं.

"काही नाही. आता खूश आहे ती."

चमकी दुसऱ्या दिवशी सापडली. थापीही सापडली, गवंड्याने तिचा मुकाच घेतला. मामाला सगळी हकिगत कळली तेव्हा त्याने आधी डोळ्यावरचं भिंग काढून पुसलं. मग म्हणाला, "तुझ्या आईला सांग, पुढच्या वेळी पत्रा बसवायचा तर माझ्याकडे ये. मी पितळेचा देतो. नाद तरी गोड येईल."

आणि आई? न्हाव्याने ते जादा चुंबक तिलाच देऊन टाकलं होतं. ते घेऊन ती बुटांच्या दुकानात गेली आणि दुकानदाराच्या नाकी नऊ येईपर्यंत एकेका बुटाला, टाचेला, तळाला, छिद्रांना, नाडीच्या टोकांना चुंबक लावून पाहत राहिली. शेवटी एक जोड मिळाला. जाड रबराचा तळ, लोखंडाचा कणही नाही. आणि चुंबकाला पितळ कळत नाही हे आठवून ती घरी येताच मुलीला म्हणाली, "यंत्र आण. खात्री कर."

खणखणताईने चक्र फिरवलं. यंत्र मुनीसारखं गप्प.

आईचा जीव भांड्यात पडला. तिने बूट मुलीच्या पायात स्वतःच्या हाताने घातले, अंगठ्याने पुढून दाबून पाहिले, मागून दाबून पाहिले.

"खिळा यातून येणार नाही," ती समाधानाने म्हणाली. मग तिच्या कपाळावर ती ओळखीची आठी पडली. "पण घोट्याच्या वर साप चावला तर?"